वाचकांचे प्रश्न : तिकीटसंग्रहातील ‘सीटीओ’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : अलीकडे मी पूर्व युरोपातील देशांच्या टपाल तिकिटांचे एक पाकीट विकत घेतले. प्रत्येक तिकिटाच्या एका कोपऱ्यात गोल शिक्क्याचा चौथा भाग अगदी रेखीव उमटलेला आहे, मात्र तिकीट उलटून पाहिले तर मागचा डिंक जसाच्या तसा आहे. पाकिटावर बारीक अक्षरांत ‘सीटीओ’ असे लिहिलेले आहे. पत्रावर न चिकटवता तिकिटावर शिक्का कसा बसला? ही तिकिटे बनावट समजावीत का, आणि ‘सीटीओ’ या संज्ञेचा अर्थ काय?

उत्तर : आपली तिकिटे बनावट नाहीत. ती त्या त्या देशाच्या टपाल खात्यानेच छापलेली आहेत आणि त्यांच्यावरचा शिक्काही बहुधा त्याच खात्याच्या आदेशाने उमटलेला आहे. ‘सीटीओ’ हे ‘कॅन्सल्ड टु ऑर्डर’ या शब्दांचे लघुरूप असून, पत्रावर, पार्सलावर किंवा अन्य कोणत्याही टपालावर न वापरता, केवळ संग्राहकांना किंवा घाऊक व्यापाऱ्यांना विकण्यासाठी टपाल खात्याने स्वतःहून रद्द केलेले तिकीट, असा त्याचा अर्थ आहे. अशी तिकिटे पुष्कळदा सुटी नव्हे, तर सबंध शीटच्या शीट एकदम रद्द केली जातात. चार तिकिटे जिथे एकमेकांना मिळतात त्या जागी एकच गोल शिक्का मारला की चारही तिकिटांच्या वाट्याला त्याचा एकेक चतुर्थांश येतो. आपल्याला कोपऱ्यात दिसलेला रेखीव तुकडा हा असा आलेला आहे.

टपाल खात्याने हा खटाटोप का करावा, हे कळल्याशिवाय संज्ञेचा अर्थ अर्धाच कळतो. न वापरलेले तिकीट म्हणजे टपाल खात्याने आगाऊ पैसे घेऊन दिलेले सेवेचे वचन असते. ते विकल्यावर आज ना उद्या एक पत्र मुक्कामी पोहोचवण्याची जबाबदारी खात्यावर राहते, आणि त्यामुळे खाते ते दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात विकू शकत नाही. तसे केले, तर व्यापारी तीच तिकिटे स्वस्तात उचलून पत्रांवर लावण्यासाठी पुन्हा बाजारात आणतील. तिकिटावर शिक्का मारला की हे वचन संपते. मग उरतो तो छापील कागदाचा एक देखणा तुकडा, ज्याचा खर्च केवळ कागद, शाई आणि छपाई एवढाच असतो. तो दर्शनी किमतीच्या एका लहानशा अंशाला विकला तरी खात्याला फायदाच होतो, आणि त्यासाठी एकही पत्र वाहून न्यावे लागत नाही. शिवाय हा पैसा पुष्कळदा परकीय चलनात मिळतो. ज्या सरकारांना परकीय चलनाची निकड होती, त्यांनी या मार्गाचा सर्वाधिक वापर केला, याचे कारण हेच.

ही प्रथा विसाव्या शतकातल्या समाजवादी देशांनी सुरू केली, असा समज प्रचलित आहे. तो बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर बोर्निओचा (आजच्या मलेशियातील सबा प्रांताचा) कारभार १८८१ साली सनद मिळालेल्या एका ब्रिटिश कंपनीकडे होता. या कंपनीने हरीण, मगर, किनाबालू पर्वत अशा चित्रांची जी सुबक तिकिटे काढली, त्यांना त्या प्रदेशातल्या पत्रव्यवहारापेक्षा संग्राहकांकडूनच अधिक मागणी होती. आडव्या जाड पट्ट्यांच्या लंबगोल शिक्क्याने रद्द केलेली ही तिकिटे मोठ्या संख्येने व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली, आणि शेजारच्या लाबुआनच्या तिकिटांचीही तीच गत झाली. आज या दोन्ही प्रदेशांची तिकिटे चाळताना जाणकार आधी शिक्का पाहतो. पट्ट्यांचा शिक्का असेल, तर तिकीट सर्वसाधारण समजले जाते. सांडाकानसारख्या गावाचे नाव आणि तारीख असलेला गोल शिक्का असेल, तर त्याच तिकिटाची किंमत कितीतरी पटींनी वाढू शकते. चित्र तेच, कागद तोच, कडेची छिद्रेही तीच. फरक फक्त शिक्क्याचा.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण निराळ्या प्रकारचे आहे. तिथल्या टपाल खात्याने कांगारूच्या मालिकेतली वरच्या किमतीची तिकिटे संग्राहकांसाठी रद्द करून उपलब्ध केली होती, आणि १९३२ साली सिडनीच्या हार्बर ब्रिजनिमित्त निघालेले पाच शिलिंगांचे सुप्रसिद्ध तिकीटही सीटीओ स्वरूपात आढळते. ही तिकिटे संग्राहक आजही आवडीने घेतात. तेव्हा ‘सीटीओ’ हा शब्द उच्चारताच नाक मुरडण्याची जी सवय काही संग्राहकांना असते, ती सरसकट योग्य नाही. त्यामागचा हेतू आणि प्रमाण पाहूनच मत बनवावे.

प्रमाणाचा प्रश्न मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर खरोखर गंभीर झाला. पूर्व जर्मनी, हंगेरी, रुमानिया, पोलंड, बल्गेरिया, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ, आणि पुढे मंगोलिया, क्यूबा व उत्तर कोरिया या देशांनी प्राणी, फुले, क्रीडा, अवकाशयाने अशा लोकप्रिय विषयांवरची तिकिटे विपुल काढली आणि त्यांतली पुष्कळशी रद्द करून निर्यात केली. नवशिक्यांसाठीच्या ‘शंभर निरनिराळी तिकिटे’ छापाच्या पाकिटांत हीच तिकिटे असत, आणि जगभरच्या कित्येक संग्राहकांचा पहिला अल्बम त्यांनीच भरला, हेही नमूद केले पाहिजे. आखातातल्या अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन इत्यादी अमिरातींच्या नावाने १९६० च्या दशकात आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी खासगी एजंटांनी काढलेल्या तिकिटांनी तर सगळ्यांवर ताण केली. अजमानच्या ताब्यातला मनामा नावाचा एक छोटासा मुलूखही स्वतंत्र तिकिटे काढू लागला होता, यावरून त्या धंद्याच्या पसाऱ्याची कल्पना यावी. संग्राहकांनी या साऱ्या मालाला ‘वाळूच्या टेकड्या’ या अर्थाचे टोपणनाव दिले, आणि अनेक कॅटलॉगांनी त्यातल्या बऱ्याच अंकांना, म्हणजे एका वेळी काढलेल्या तिकिटांच्या संचांना, पुष्कळ काळ मुख्य यादीत स्थानच दिले नाही.

प्रश्न : तिकीट सीटीओ आहे की खरोखर टपालात वापरलेले आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? डिंक शिल्लक असणे एवढा एकच पुरावा पुरेसा आहे का?

उत्तर : शिक्का असून डिंक शिल्लक असणे हा भक्कम पुरावा आहे, परंतु डिंक नसणे हा उलट बाजूचा पुरावा होत नाही. सीटीओ तिकीट कोणीही पाण्यात भिजवून डिंक काढून टाकू शकतो, आणि जुन्या अल्बमांतील पुष्कळ तिकिटांचे तसे झालेलेही आहे. म्हणून पुढच्या बाजूकडे, म्हणजे शिक्क्याकडेच बारकाईने पाहावे लागते.

आधी शिक्क्याची जागा पाहावी. एकाच संचातली सगळी तिकिटे समोर मांडावीत, आणि प्रत्येकावर शिक्का त्याच कोपऱ्यात, तितकाच आणि त्याच कोनात असेल, तर ती शीटवरच रद्द झालेली आहेत असे मानायला हरकत नाही. टपाल कचेरीत हाताने मारलेले शिक्के असे शिस्तीत बसत नाहीत. ते कधी तिरपे पडतात, कधी फिकट, कधी अर्धे लिफाफ्यावर, तर कधी एकावर एक. नंतर तारीख आणि गावाचे नाव वाचावे. निरनिराळ्या तिकिटांवर एकच तारीख आणि तीही बहुधा प्रकाशनाचीच, शिवाय गाव नेहमी राजधानीच, असे असले की संशय बळावतो. सर्वांत निर्णायक खूण भिंगाखाली दिसते. काही देशांत शिक्का वेगळा न मारता छापखान्यातच तिकिटांवर छापला जात असे. त्याच्या कडा एकसारख्या, शाई एकजीव आणि ठसा सपाट असतो. धातूच्या शिक्क्याने कागदावर पडणारा दाब, कुठे शाई साचणे, कुठे तुटणे यांतले काही तिथे नसते. ज्याने दोन्ही प्रकार एकदा शेजारी ठेवून पाहिले आहेत, त्याला पुढे भिंगही लागत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. स्वच्छ आणि सुरेख शिक्का दिसला म्हणजे तिकीट सीटीओच, असा निष्कर्ष घाईने काढू नये. तिकिटाच्या बरोबर मध्यभागी गाव, तारीख आणि वेळ यांसह पूर्ण गोल शिक्का बसलेली, खरोखर टपालातून गेलेली तिकिटे काही संग्राहक मुद्दाम शोधून जमवतात आणि त्यांना सामान्य वापरलेल्या तिकिटापेक्षा जास्त मोल देतात. त्या शिक्क्याचा आणि सीटीओचा संबंध नाही. स्वयंचिकट तिकिटांच्या बाबतीत डिंकाची कसोटी अशी लागू पडत नाही. तिथे तिकीट मूळ पाठकागदावर असताना शिक्का पडला आहे का, एवढेच पाहावे.

प्रश्न : ‘प्रीकॅन्सल’, ‘फेवर कॅन्सल’ आणि ‘सीटीओ’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले तर चालतील का? फर्स्ट डे कव्हरवरचे तिकीटही मग सीटीओच म्हणायचे का?

उत्तर : चालणार नाहीत, आणि त्यातही प्रीकॅन्सलची गल्लत तर मुळीच करू नये, कारण तो प्रकार सीटीओच्या अगदी उलट आहे. प्रीकॅन्सल तिकीट आगाऊ रद्द केलेले असते हे खरे, पण ते टपालात वापरण्यासाठीच. हजारो परिपत्रके किंवा नियतकालिके एकदम पाठवणाऱ्या संस्थांना टपाल खाते आधीच रद्द केलेली तिकिटे पुरवते, म्हणजे प्रत्येक नगावर शिक्का मारण्याचे श्रम वाचतात. अमेरिकेतल्या अशा तिकिटांवर दोन आडव्या रेषांच्या मध्ये शहराचे आणि राज्याचे नाव छापलेले असते; फ्रान्स आणि बेल्जियमनेही या पद्धतीचा मोठा वापर केला. येथे पत्र खरोखर जाते आणि टपालाचा दर खरोखर चुकता होतो.

फेवर कॅन्सलमध्ये पुढाकार संग्राहकाचा असतो. तो पूर्ण दर्शनी किंमत देऊन तिकीट घेतो आणि खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला, किंवा टपाल खात्याच्या संग्राहक विभागाला, त्यावर स्वच्छ शिक्का मारून देण्याची विनंती करतो. तिकीट टपालात जात नाही, त्यामुळे ते सीटीओला जवळचे आहे. फरक असा की ते सवलतीत विकलेले नसते आणि घाऊक प्रमाणात तयार केलेले नसते. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनस्टाइन येथील टपाल खात्यांच्या संग्राहक विभागांनी डिंकासह रद्द करून दिलेली तिकिटे या दोन प्रकारांच्या सीमेवर आहेत. संग्राहकच त्यांना निरनिराळी नावे देतात, आणि या बाबतीत फार काटेकोर होण्यात मला व्यक्तिशः अर्थ वाटत नाही.

फर्स्ट डे कव्हरला, म्हणजे तिकिटाच्या प्रकाशनाच्याच दिवशीचा शिक्का असलेल्या लिफाफ्याला, सीटीओ म्हणण्याचा प्रघात नाही. तिथे तिकीट लिफाफ्यावर चिकटवलेले असते आणि शिक्का हा त्या लिफाफ्याचाच भाग असतो. पत्ता नसलेले, टपालातून न गेलेले कव्हर हे काटेकोर अर्थाने स्मरणवस्तूच ठरते, हे खरे. पण त्यासाठी ‘फर्स्ट डे कव्हर’ ही वेगळी संज्ञा आहेच, ती वापरावी.

एक चौथा प्रकारही या निमित्ताने सांगून ठेवतो, कारण जुन्या संग्रहांत तो हटकून भेटतो. चलनातून काढून टाकलेल्या तिकिटांचा उरलेला साठा, ज्याला ‘रिमेंडर’ म्हणतात, काही देशांनी पट्ट्या मारून संग्राहकांना विकला. एकोणिसाव्या शतकातील स्पेनच्या कित्येक तिकिटांवर आडव्या छापील पट्ट्या दिसतात त्या याच कारणाने. त्याच देशाच्या तिकिटात गोल भोक पाडलेले आढळले, तर मात्र ते रिमेंडर नव्हे. ते तिकीट तारेच्या शुल्कापोटी वापरले गेलेले असते. सीटीओ चालू अंकाचे असते आणि रिमेंडर बाद झालेल्या अंकाचे, एवढा भेद लक्षात ठेवला तरी पुरे.

प्रश्न : कॅटलॉगात ‘मिंट’ आणि ‘यूज्ड’ असे दोनच रकाने दिसतात. सीटीओ तिकिटाची किंमत कोणत्या रकान्यात पाहावी? आणि माझा संग्रह सीटीओ तिकिटांनीच भरलेला असेल, तर तो कवडीमोल ठरतो का?

उत्तर : सीटीओ तिकीट ‘मिंट’, म्हणजे कोरे, कधीच नसते, डिंक कितीही ताजा असला तरी. त्यामुळे पाहायचा तो ‘यूज्ड’चाच रकाना, परंतु त्याआधी त्या देशाच्या प्रकरणाच्या आरंभी दिलेली टीप वाचणे अत्यावश्यक आहे, आणि नेमके हेच बहुतेक जण करत नाहीत. ज्या देशांच्या तिकिटांत सीटीओ सर्रास आढळतात, त्यांच्या बाबतीत अमेरिकेतल्या ‘स्कॉट’सारख्या तिकीट-कॅटलॉगात ‘यूज्ड’ रकान्यातली किंमत सीटीओ तिकिटाचीच आहे, असे स्पष्ट केलेले असते. म्हणजे तेच तिकीट एखाद्या खऱ्या पत्रावरून निघालेले असेल, तर त्याची किंमत रकान्यातल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकते. पूर्व जर्मनीने संचातले एक तिकीट मुद्दाम मर्यादित संख्येत विकण्याची पद्धत ठेवली होती. ही मर्यादित तिकिटे सीटीओ म्हणून सहज मिळतात, पण त्यातलेच एखादे सामान्य पत्रावर, सामान्य तारखेच्या शिक्क्यासह मिळणे कठीण असते. उलटपक्षी, ज्या देशांत सीटीओ हा अपवाद आहे, तिथे ‘यूज्ड’ची किंमत टपालात वापरलेल्या तिकिटाची धरलेली असते आणि सीटीओला तितकी किंमत येत नाही.

खऱ्या वापराला एवढे महत्त्व का, याचे टोकाचे उदाहरण सीटीओच्या बाहेरचे आहे, तरी ते येथे देणे योग्य वाटते. १९२३ मध्ये जर्मनीत चलनफुगवटा एवढा भडकला की तिकिटांची दर्शनी किंमत ५० अब्ज मार्कांपर्यंत गेली. दर सतत बदलत असल्यामुळे कित्येक तिकिटे अगदी थोडे दिवस उपयोगात राहिली आणि त्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे न वापरता उरले. परिणामी आज यांतली बरीच तिकिटे कोरी असताना नाममात्र दराने मिळतात, आणि त्याच काळातल्या अस्सल शिक्क्यासह असतील, तर पुष्कळ महाग असतात. साहजिकच कोऱ्या तिकिटांवर नंतर खोटे शिक्के मारण्याचे प्रकार झाले, आणि म्हणून अशा तिकिटांच्या मागे तज्ज्ञाची तपासणी-मुद्रा असल्याशिवाय जाणकार ती घेत नाहीत. खोटा शिक्का आणि सीटीओ यांत गल्लत होऊ नये. खोट्या शिक्क्यात फसवणूक असते. सीटीओचा शिक्का टपाल खात्याचा अधिकृत असतो, फक्त त्यामागे टपाल नसते.

आपल्या संग्रहाबद्दल सांगायचे, तर आर्थिक मोल फारसे नाही, हे मान्य करावे लागेल. विषयवार संग्रह करणाऱ्याला, म्हणजे पक्षी, रेल्वे, चित्रकला अशा एखाद्या विषयावर तिकिटे लावणाऱ्याला, सीटीओ तिकिटे अल्प खर्चात भरपूर साहित्य देतात, आणि अभ्यास म्हणून त्यात काहीही गैर नाही. स्पर्धात्मक प्रदर्शनात मात्र परीक्षक अशा तिकिटांकडे अनुकूल दृष्टीने पाहत नाहीत, आणि टपाल इतिहासाच्या विभागात तर त्यांना जागाच नाही, कारण तो विभाग प्रत्यक्ष प्रवास केलेल्या पत्रांचा असतो. माझा आग्रह एवढाच की अल्बमाच्या पानावर किंवा विक्रीच्या यादीत अशा तिकिटापुढे नुसते ‘यूज्ड’ न लिहिता ‘यूज्ड, सीटीओ’ असे लिहावे. आपल्याला तिकिटे विकणाऱ्याने पाकिटावर बारीक का होईना, पण ती तीन अक्षरे लिहिली, हे त्याच्या सचोटीचे लक्षण आहे. तक्रार करायची ती ही अक्षरे गाळून तीच तिकिटे टपालात वापरलेली म्हणून विकणाऱ्यांबद्दल.

प्रश्न : मग सीटीओ तिकिटे भिजवून डिंक काढून टाकावा का? अल्बमात ती इतर वापरलेल्या तिकिटांसारखी दिसतील.

उत्तर : काढू नये. डिंक काढल्याने तिकीट टपालात वापरलेले होत नाही, फक्त त्याची ओळख पटवणारी सर्वांत सोपी खूण पुसली जाते, आणि पुढे ते ज्याच्या हाती जाईल त्याची दिशाभूल होते. डिंकासह ठेवायचे, तर मात्र काळजी कोऱ्या तिकिटासारखीच घ्यावी. दमट हवेत ती एकमेकांना आणि पानाला चिकटतात, म्हणून ती पारदर्शक माउंटमध्ये किंवा स्टॉकबुकच्या पट्टीत सुटी ठेवावीत, एकावर एक रचू नयेत, आणि उचलताना बोटांऐवजी चिमटा वापरावा. आधीच पानाला चिकटलेली असतील, तर ओढून काढण्यापेक्षा भिजवलेली बरी. तेवढ्या एका परिस्थितीत डिंक गेला तरी हरकत नाही, मात्र पानावर त्या तिकिटाखाली ‘सीटीओ, डिंक काढलेला’ अशी नोंद पेन्सिलीने अवश्य करावी.